समुद्रात : शून्य

मी हाताच्या पंजात मावणारा एक जुना संगणक आहे. आजचे चकचकीत फोन पाहिलेल्या तुम्हा मुलांना मी विटेसारखा जाड आणि बेढब वाटेन. राखाडी पडदा, खाली चार बटणे आणि पाठीत खोचलेली प्लास्टिकची एक बारीक काडी, एवढेच माझे रूप. त्या काडीने पडद्यावर टिचकी मारली की मी कामाला लागत असे. मित्रांनो, बहुतेक वस्तू आपली गोष्ट अभिमानाने सांगतात. मला ते जमणार नाही. माझ्या आयुष्यात एक दिवस असा आला की त्याच्या आधी झालेले कौतुक आठवले तरी मला लाज वाटते.

वीस वर्षांपूर्वी मी एका खोक्यातून रायगडच्या किनाऱ्यावर आलो. मुरुडच्या अलीकडे नारळीच्या रांगेआड एक लहान बंदर आहे. चोवीस होड्यांचे. तिथल्या मच्छीमार सोसायटीने मला मागवले होते. त्याच्या आदल्या वर्षी वादळात एक होडी अडकली होती, आणि समुद्रात नेमके किती जण आहेत हे वहीतल्या नोंदींवरून कोणालाच धड सांगता आले नव्हते. म्हणून यापुढे होडी निघाली की लगेच यंत्रात नोंद, परतली की नोंद, असे ठरले.

माझ्यात अक्कल भरली ती प्रणालीने. ती चौलची. वय सव्वीस, अलिबागच्या एका दोन खोल्यांच्या कार्यालयात नोकरीला. तीन महिने ती माझ्यासाठी प्रोग्राम लिहीत होती. बंदरावर येऊन तिने प्रत्येक होडीचे नाव विचारून घेतले, तांडेलांची, म्हणजे होडीच्या प्रमुखांची, नावे पाठ केली. पडद्यावर होडीचे नाव दिसे. नावावर टिचकी मारली की ‘गेली’, परत मारली की ‘आली’. आणि सगळ्यांत खाली मोठ्या अक्षरांत एक ओळ असे : ‘समुद्रात’, आणि पुढे आकडा. तो आकडा शून्य झाला की सोसायटीच्या कार्यालयाला कुलूप लागे.

आता माझे एक वैगुण्य सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. त्या काळच्या आम्हा यंत्रांची आठवण बॅटरीवर जगत असे. बॅटरी पूर्ण उतरली की आतले सारे पुसले जाई. प्रणालीला हे ठाऊक होते. म्हणून तिने सोसायटीतल्या मोठ्या संगणकाशेजारी माझ्यासाठी एक बैठक बसवली. मला तिच्यात ठेवले की माझ्या नोंदींची नक्कल मोठ्या संगणकात जाई. मी कधी रिकामा होऊन आलो, तर तीच नक्कल माझ्यात परत भरली जाई. मात्र नक्कल घेतल्यानंतर जे लिहिले ते कायमचे जाणार, हे उघड होते. यासाठी तिने लाल पट्टी लावून एक इशारा लिहिला होता : ‘नोंदी जुन्या आहेत. मधल्या नोंदी हरवल्या आहेत. होड्या मोजून खात्री करा.’ पट्टीला ती ‘लाल’ म्हणत असली, तरी माझ्या राखाडी पडद्यावर ती काळीच दिसे. तरी नजरेत भरे.

मला पाहुण्यांना दाखवण्याचा दिवस जवळ आला. सोसायटीचे सेक्रेटरी परेशभाऊ यांनी ती पट्टी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“हे काय? उद्या पाहुणे येणार. त्यांना वाटेल मशीन खराब आहे.”

“सर, बॅटरी संपली तर कळायला हवं ना,” प्रणाली म्हणाली.

“बॅटरी संपेलच कशाला? आपण चार्ज करू की. काढून टाका ते.”

 प्रणालीने ती पट्टी काढली. “कार्यक्रम झाला की परत घालीन,” असे ती स्वतःशीच पुटपुटली. कार्यक्रम झाला, टाळ्या वाजल्या, वर्तमानपत्रात माझा फोटो आला. पट्टी राहून गेली.

बंदरावर मला सांभाळत ते कोंडाजीकाका. साठी ओलांडलेले, काटक, चष्म्याला दोरी बांधलेले. वीस वर्षे त्यांनी होड्यांची नोंद पेन्सिलीने वहीत केली होती. मी आलो आणि त्यांची वही फळीवर गेली. ते रुसले नाहीत. खाऱ्या वाऱ्याने मी गंजू नये म्हणून ते मला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून जेट्टीवर नेत. काडी हरवू नये म्हणून तिला त्यांनी मासेमारीच्या जाळ्याचा दोरा बांधला. दुसऱ्या बंदरांवरची माणसे मला बघायला येत, तेव्हा काका म्हणत, “लई हुशार हाय तो. माज्यापेक्षा हुशार.” आणि मित्रांनो, मला ते खरे वाटू लागले होते.

पहिली दोन वर्षे प्रणाली दर महिन्याला एसटीने येई. बैठकीला जोडणारी माझी टोके पुसून काढी, नव्या होडीचे नाव घाली, बॅटरी तपासे. मग तिच्यावर दुसरी कामे आली. महिन्याचे तीन महिने झाले, तिनाचे सहा. माझी बॅटरी म्हातारी झाली. पूर्वी दोन दिवस टिकायची ती दुपारीच मान टाकू लागली. काकांनी दोनदा परेशभाऊंना सांगितले, “याची बॅटरी लवकर उतरते.” परेशभाऊ दोन्ही वेळा म्हणाले, “फोन करतो.” तो फोन झाला नाही.

तो दिवस गणपती होऊन गेल्यानंतरचा. आदल्या रात्री वीज नव्हती, म्हणून मी अर्धाच भरलो होतो. पहाटे तेवीस होड्या गेल्या. काकांनी तेवीस टिचक्या मारल्या, मला कार्यालयात आणून बैठकीत ठेवले. तेवढ्यापुरती वीज आली होती; सात वाजून पाच मिनिटांनी माझी नक्कल मोठ्या संगणकात गेली आणि वीज पुन्हा गेली.

चोविसावी होडी धर्माची. तिचे इंजिन आदल्या दिवशी दुरुस्तीला होते, म्हणून तो मागे राहिला होता. आठ वाजता तो आणि त्याचा मेहुणा कुलदीप निघाले. काका मला घेऊन पुन्हा जेट्टीवर गेले, काडी काढली आणि धर्माच्या नावावर टिचकी मारली. ‘गेली.’ ‘समुद्रात : चोवीस.’ हे मी स्वतः अनुभवले आहे.

साडेबारा वाजता माझा पडदा विझला. वीज परत आली होती. काकांनी मला घाईने बैठकीत बसवले. मी रिकामा होतो. मोठ्या संगणकाने सात वाजून पाच मिनिटांची नक्कल माझ्यात ओतली आणि पडद्यावर शब्द आला, ‘तयार’. धर्माच्या होडीपुढे लिहिले होते, ‘बंदरात’. इशारा देणारी पट्टी नव्हतीच. काकांना वाटले, जसा होता तसाच उठला.

दुपारी तीननंतर वारा फिरला. होड्या भराभर परतू लागल्या. काका एकेक टिचकी मारत होते, माझा आकडा उतरत होता. चार वाजता पोलिस चौकीतून फोन आला. गस्तीची बोट तयार होती. कोणी बाहेर राहिले आहे का, एवढेच त्यांना हवे होते. परेशभाऊंनी मला हातात घेतले आणि मोठ्याने वाचले, “समुद्रात शून्य. सगळ्या आल्या, साहेब.”

दारात नीराबाई उभी होती. धर्माची बायको, कुलदीपची बहीण. डोक्यावरची पाटी तिने खाली ठेवली होती.

“सगल्या कुठं आयल्या? आमची न्हाय आयली.”

“वहिनी, तुमची आज गेलीच नाही,” परेशभाऊ म्हणाले. “हे बघा, बंदरात दाखवतंय. खाडीत असेल, इंजिनाचं काम चाललं होतं ना?”

“माजा माणूस आनि माजा भाव सकाली जेवन घेऊन गेलं. मी सवता डबा भरला.”

परेशभाऊंनी काकांकडे पाहिले. काका चष्मा पुसत होते. “धर्माची मी लावली व्हती,” ते म्हणाले. मग माझ्या पडद्याकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. “लावली व्हती... बहुतेक.”

“बहुतेक? काका, मशीन विसरत नाही. माणूस विसरतो.”

मित्रांनो, त्या क्षणी खरे बोलणारी माणसे दोन होती, आणि दोघांनाही माझ्यामुळे खोटे ठरवले गेले. मी मुद्दाम खोटे बोललो नाही. माझ्यात जे उरले होते तेच मी दाखवले. पण ते मी रोजच्याच ठळक अक्षरांत दाखवले, जराही न अडखळता. मला आजवर टोचते ते हेच.

नीराबाई वाद घालत बसली नाही. तिथून खाडीतली होड्या दुरुस्त करायची जागा वळणाआड आहे, पाऊण तासाची वाट. पावसाला सुरुवात झाली होती. ती एकटी चिखलातून तिथवर गेली, होडी नाही हे पाहून आली. साडेपाच वाजता ती पुन्हा दारात उभी राहिली तेव्हा गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखली होती.

“चला,” ती म्हणाली, “दाखवा मला कुठं हाय ती बंदरात.”

 परेशभाऊंनी चौकीला फोन लावला. पण आता लाटा जेट्टीवर चढत होत्या, उजेड जात होता. बोट बाहेर काढता येईना.

फटफटताच गस्तीच्या बोटीबरोबर बंदरावरच्या अकरा होड्या निघाल्या. दिघीच्या खाडीच्या तोंडाशी, खडकांवर, धर्माच्या होडीच्या फळ्या सापडल्या. धर्मा आणि कुलदीप जिवंत होते. पण होडी खडकावर आदळताना कुलदीपचा उजवा हात मध्ये चेंगरला होता. इस्पितळात तो मनगटापासून काढावा लागला. इंजिन बंद पडून ते वाहत गेले होते. धर्माने नंतर सांगितले, “पाच वाजेपावेतो लांबून बंदर आमाला दिसत व्हतं. फडकं हालवत व्हतो.”

आठवड्याने सोसायटीची सभा भरली. दोष कोणाचा, हे ठरवायचे होते. ते फार लवकर ठरत आले. काकांचे वय झाले, नोंद करायला विसरले. दोघे-तिघे तसे बोलले. काका कोपऱ्यात उभे होते. ते म्हणाले, “असंल बाबांनो. माजीच चूक असंल.” मी टेबलावर पडून हे ऐकत होतो. त्यांनी नोंद केली होती हे मला माहीत होते, आणि माझ्याकडे दाखवायला एक अक्षर नव्हते. मित्रांनो, नोंदी बॅटरीबरोबर गेल्या. लाज बॅटरीवर चालत नाही.

तेवढ्यात प्रणाली उठली. सकाळपासून ती मोठ्या संगणकासमोर बसली होती. ती गप्प राहिली असती तर कोणालाही काही कळले नसते. तिच्या हातात त्या संगणकातल्या नोंदींचा कागद होता.

“त्या दिवशी साडेबाराला हे यंत्र रिकामं होऊन आलं होतं,” ती म्हणाली. “त्यात परत भरलं ते सकाळी सात वाजून पाच मिनिटांचं. त्यानंतर काकांनी काय लिहिलं, हे यंत्राला ठाऊकच नव्हतं. असं झालं तर इशारा द्यायची ओळ मी लिहिली होती. ती मीच काढली. परत घालीन म्हटलं आणि घातली नाही. नंतर इथे यायचंही सोडलं.”

परेशभाऊंनी मान खाली घातली. “काढायला मी सांगितलं होतं,” ते हळूच म्हणाले.

“तुम्ही सांगितलंत, पण काय होईल ते मला माहीत होतं,” प्रणाली म्हणाली. मग ती पट्ट्या बांधून बसलेल्या धर्माकडे वळली. “दादा, तुम्ही निघालात तेव्हा काका काय करत होते?”

“काय म्हंजे? जेट्टीवर उभं व्हतं. माज्याकडं बघून काडी मारली, हात केला.”

“मग बोलला का नाहीस इतके दिवस?” कोणीतरी विचारले.

“मला कोनी इचारलंच न्हाय.”

 काका दोन पावले पुढे आले. “म्हंजे पोरी, मी लिवलं व्हतं?”

“हो काका. तुम्ही लिहिलं होतं.”

काकांनी चष्मा काढला. इतक्या माणसांसमोर ते लहान मुलासारखे रडले. नीराबाईने उठून त्यांना पाणी दिले. प्रणालीशी मात्र ती त्या दिवशी बोलली नाही, आणि प्रणालीनेही तशी अपेक्षा ठेवली नाही.

त्यानंतर माझी नवी बॅटरी आली. प्रत्येक नोंद लगेच उतरेल आणि बॅटरी संपली तरी टिकेल असे वेगळे कार्ड माझ्यात बसले, इशारा परत आला, आणि काकांची वही फळीवरून खाली उतरली. वर्षभराने काका थकले आणि त्यांच्या जागी कोण आले असेल? कुलदीप. त्याला आता जाळे ओढता येत नव्हते. तो मला टेबलावर ठेवी आणि डाव्या हातात काडी धरून, अडखळत, टिचकी मारी. पहिल्या दिवशी मला वाटले, हा मला भिंतीवर आपटेल. आपटला असता तर मला बरे वाटले असते. त्याने शर्टाच्या टोकाने माझा पडदा पुसला. रोज आकडा शून्य झाला की तो जेट्टीवर जाऊन ओरडे, “कोनाचं कोन यायचं ऱ्हायलंय काय?” उत्तर आले नाही तरच कुलूप लावी. सहा वर्षे मी त्याच्यापाशी काम केले. त्या सहा वर्षांत त्याने मला एकही वाईट शब्द ऐकवला नाही, आणि त्यामुळे माझे ओझे तसूभरही हलके झाले नाही.

मग फोन आले आणि माझे काम संपले. काही वर्षे मी कपाटात पडून होतो. अलीकडे प्रणालीने मला मागून नेले. तिचे केस पिकू लागले आहेत. तिच्या हाताखाली आता दहा-बारा मुले-मुली प्रोग्राम लिहायला शिकतात. नवे कोणी आले की ती मला त्यांच्या हातात ठेवते आणि ही हकिकत सांगते. स्वतःची चूक ती आधी सांगते, माझी नंतर. ऐकताना ती मुले मला उलटसुलट करून बघतात. माझा पडदा विझलेला असतो, ते एक बरे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या आमच्यासारखी यंत्रे घडवाल, कोणी ती सांभाळाल. आम्हाला वेळेवर तपासा, आमच्या म्हाताऱ्या बॅटरीची तक्रार कोणी केली तर ती ऐका. आम्हाला हुशार करा, वेगवान करा, हवे तर सुंदरही करा. पण त्या सगळ्याच्या आधी आम्हाला ‘मला ठाऊक नाही’ म्हणायला शिकवा. त्या दुपारी चार वाजता माझ्याकडे तेवढेच तीन शब्द असते, तर पुरले असते.