डाव्या हाताचा धनगर

मी एक चित्र बोलतोय. साहेबानं तांब्याच्या पत्र्यावर सुईनं ओरखडून, तेजाबात बुडवून, मग शाई भरून कागदावर दाबलेलं चित्र. नगर जिल्ह्यातल्या कमानवाडीच्या पडक्या महालाचं. दिसायला मी देखणा आहे, हे माझं मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगेल अशी माझी अवस्था आता राहिलेली नाही. पण माझ्यात जन्माचा एक दोष आहे. मी उलटा आहे.

त्याचं असं झालं. साहेब महालासमोर घडीच्या खुर्चीवर बसला आणि समोर दिसलं तसं त्यानं थेट पत्र्यावर काढलं. पत्रा कागदावर दाबला, तेव्हा डावं ते उजवं झालं, उजवं ते डावं. खालचं स्वतःचं नाव मात्र त्यानं पत्र्यावर मुद्दाम उलटं कोरलं होतं, म्हणून कागदावर ते सरळ उमटलं. स्वतःच्या नावाची तेवढी काळजी घेतली, महालाची घ्यायचा कंटाळा केला!

माझ्या मधोमध मोडक्या खांद्यांची कमान आहे. तिच्या उजव्या अंगाला एक उंच दगडी मनोरा. निजामशाहीत जमिनीखालून खापराचे नळ घालून महालाला पाणी आणलं होतं, त्या नळात हवा खेळावी म्हणून बांधलेला. गावात त्याला उसासा म्हणत. आणि कमानीच्या सावलीत एक बोटभर धनगर भाकरी खात बसलाय. डाव्या हातानं. खरा धनगर बिचारा उजव्याच हातानं जेवत होता आणि खरा उसासा कमानीच्या डाव्या अंगाला होता. पण हे सांगायला मला तोंड कुठं होतं?

नगरच्या छावणीतल्या एका बंगल्यात माझं शंभरेक वर्षांचं आयुष्य गेलं. साहेब बदलले, पंखे बदलले, मी त्याच खिळ्यावर. शेवटच्या साहेबाचा खानसामा अब्दुल हा कमानवाडीचाच. रोज सकाळी तो माझी काच पुसायचा आणि हसायचा. "डाव्या हातानं जेवतोय येडा! सायबाला आपल्यातलं काय कळतंय?"

मला लाज वाटायची. पण साहेबाची चूक म्हणून सगळे हसले आणि तिथंच थांबले. पुढचा विचार कोणी केला नाही.

शेहेचाळीस साली साहेब विलायतेला निघाला. जाताना त्यानं नोकरांना विचारलं, कोणाला काय हवं? कोणी कोट मागितला, कोणी घड्याळ. अब्दुलनं मला मागितलं. उसासा उभा असतानाची गावची कमान आईला दाखवायची, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण आम्ही पोचलो तेव्हा कमानवाडीच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. पाऊस दोन वर्षं रुसलेला. गावच्या एकुलत्या एका विहिरीत गाळ उरला होता. आणखी दोन आठवड्यांनी, गुरुवारी गाव सोडून गोदाकाठी जायचं, असं पंचांनी ठरवूनही टाकलं होतं. अब्दुलची आई मुबारकबी तेवढी अडून बसली होती. तिचा नवरा आणि दोन लेकरं इथल्या मातीत होती.

अब्दुलनं मला चावडीवर नेलं. महालाचा उसासा केव्हाच पडला होता, त्याचे दगड गावातल्या भिंतींत गेले होते. तो कुठं उभा होता, हे सांगणारं माणूस हयात नव्हतं. कमान होती, पण तिचे दोन्ही खांदे आता झडलेले, माझ्याशी ताडून डावं-उजवं ओळखायला खूण उरली नव्हती.

"ह्यो बघा उसासा," अब्दुल म्हणाला. "कमानीच्या उजव्या अंगाला तीस पावलं. तितं खांदलं की नळ गावतोय. माझा शबुद हाय. पानी न्हाई लागलं, तर मी गावाला तोंड दावनार न्हाई."

शब्द त्यानं दिला, आणि तो खोटा पडणार हे एकट्या मला ठाऊक होतं. मला काचेआड घाम फुटायचा बाकी राहिला.

पाटील आसारामनं कुदळ घेतली. गावातला गहिनीनाथ आणि आणखी दहाजण लागले. आधी मुरूम, मग पिवळा खडक, मग काळा. ओल म्हणून दिसेना. मला कमानीला टेकवून ठेवलं होतं; जो तो घाम पुसत माझ्याकडं बघायचा आणि पुन्हा तिथंच खणायचा. आठव्या दिवशी कुजबुज सुरू झाली. दहाव्या दिवशी गहिनीनाथ तोंडावर बोलला, "सायबाचं खरकटं खाऊन आला, आन् आमाला नादी लावलं." अब्दुल खणत राहिला. त्याचे हात सोलून निघाले होते.

बुधवार उजाडला. गावात गाड्या भरून तयार होत्या. आसारामनं शेवटचा डाव मांडला. खडकात पहारीनं भोकं पाडून दारू ठासायची आणि सुरुंग उडवायचा. लागलं तर लागलं, नाहीतर बैल जुंपायचे. माझा जीव टांगणीला लागला. नळ कमानीच्या पायाखालून महालात जातो, हे मला माहीत होतं. सुरुंगानं कमान कोसळली असती आणि नळ चेपून कायमचा गेला असता.

अब्दुल खाली दारू ठासत होता. गहिनीनाथ वात घेऊन उभा. तेवढ्यात मुबारकबी न्याहारी घेऊन कमानीच्या सावलीत आली. ज्वारीची भाकरी, वाटीत चटणी आणि तिच्यावर करडईचं तेल.

"आसाराम, दोन घास खाऊन घे रं, मंग काय उडवायचं ते उडव."

आसारामचा उजवा हात कोपरापर्यंत दारूनं काळा झाला होता. धुवायला टिपूस नाही. मुबारकबीनं भाकरी त्याच्या डाव्या हातावर ठेवली. तो तसाच बसून राहिला.

"खा की."

"डाव्या हातानं कसं खाऊ चाची? इतकी काय अवदसा आली न्हाई अजून." त्यानं उजवा हात धोतराला खसाखसा पुसला आणि मग घास मोडला.

मुबारकबी हसली. हसता हसता तिची नजर माझ्यावर आली आणि तिथंच खिळली. ती सरकत माझ्याजवळ आली. डोळ्यांवर हात धरून तिनं धनगराला बघितलं.

"आसाराम, तू तहानेनं मरायला टेकलास तरी डाव्या हातानं खाईनास. मंग ह्यो का खातोय?"

"सायबाची चूक, चाची. ठावं हाय समद्यांना."

"सायबानं डोळ्यानं बघून काढलंय ना? माजा बाप लुगडी छापायचा. ठशावर मोर डावीकडं बघत असला, तर कापडावर उजवीकडं बघतोय. ह्ये चित्र ठशाचं हाय रं! वात लावू नका!"

"चाची, चौदा दिस झालं. आता बास." आसाराम उठला. "अब्दुल, वर ये! गहिनीनाथ, वात घाल!"

मुबारकबी खड्ड्याच्या काठावर जाऊन बसली. पाय आत सोडून. "मी हितनं उठत न्हाई. मला घेऊन उडव."

 खालून अब्दुल ओरडला, "अम्मा, बाजूला व्हय!" ती हलली नाही. तिनं मला मागितलं. आसारामची बायको छबूबाई धावली आणि मला घेऊन गेली. म्हातारीनं दगड उचलला आणि माझी काच फोडली. मला बाहेर ओढलं, पालथं घातलं आणि वाटीतलं तेल माझ्या पाठीवर ओतलं. तिचा बाप नक्षी उतरवायला कागद असाच तेलकट करायचा. चटणीचे कण मला झोंबले. मग माझी पाठ सगळ्यांकडं करून तिनं मला उन्हासमोर धरलं.

कागद उजळला. कमान तिथंच राहिली, पण उसासा डाव्या अंगाला गेला. आणि कमानीखाली धनगर उजव्या हातानं भाकरी खात होता.

 मग छबूबाई हळूच म्हणाली, "डाव्या अंगाला तीस पावलं म्हंजी आपला उकिरडा. आवो, तितला भोपळा कवा वाळला न्हाई. मी म्हनायची, तर तुमी माझ्यावरच डाफरायचा."

आसारामनं गहिनीनाथच्या हातातली वात काढून घेतली. उकिरडा उपसायला सगळं गाव आलं, भरलेल्या गाड्या सोडून आलं. दोन पुरुष खोलीवर अब्दुलची कुदळ खापरावर वाजली. त्यानं गुडघ्यांवर बसून हातानं माती सारली. फुटक्या नळातून पाणी झिरपलं, करंगळीएवढं, गढूळ. त्यानं ते ओंजळीत धरलं आणि आधी आईला दिलं. ती प्यायली आणि रडली. मग गहिनीनाथ पुढं आला, त्यानं अब्दुलचे सोललेले हात आपल्या हातांत घेतले. गुरुवारी एकही गाडी निघाली नाही.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. मुबारकबी गेल्या थंडीत गेली, आपल्या माणसांशेजारी निजली. मी चावडीच्या खिडकीत आहे, पाठ आत करून, उजेडासमोर. तेल पिऊन माझा कागद पिवळा आणि कडक झालाय, कडा झडतात. साहेबाचं नाव आता उलटं दिसतं, कोणाला वाचता येत नाही. फार दिवस मी काढणार नाही, हे मला कळतंय.

एकच मागणं आहे. उद्या कोणी शिकलेला पाहुणा येईल, हे काय उलटं लावलंय म्हणेल आणि नाव वाचायला म्हणून मला फिरवायला निघेल. त्याचा हात धरा. त्याला म्हणावं, नाव राहू द्या साहेब, आधी धनगराचा हात बघा.