आतून कडी असलेलं घर

माझ्या खोलीला दोन दारं होती आणि कडी एकालाही नव्हती. एका दारातून सगळं घर आत यायचं आणि दुसऱ्या दारातून कपडे वाळत घालायच्या गॅलरीत जायचं. सव्वीस वर्षं दादाचे ओले टॉवेल, वहिनीच्या बादल्या आणि भाच्याचे बूट माझ्या पलंगाला वळसा घालून गेले. मी आजारी असले तरी गेले.

"छोटी, तुला इथं काय कमी आहे?" दादा विचारायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षीही मी छोटीच.

"कडी," मी एकदा म्हणाले.

"अगं, कडी लावलीस तर आम्ही गॅलरीत जायचं कसं?" तो हसत म्हणाला. त्याला खरंच वाटलं, मी गंमत केली.

हॉस्पिटलच्या कपडेखात्यात मी बत्तीस वर्षं काढली. निवृत्तीच्या दुसऱ्या आठवड्यात जेवताना जाहीर केलं, की समुद्राकाठच्या उपनगरात घर घेतेय. वहिनीच्या हातातला डाव तसाच राहिला. तिथंच का, असं सगळ्यांनी विचारलं. वाऱ्याचं वगैरे काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं कारण असं, की दादाच्या घरापासून तिथं पोचायला दोन बस बदलाव्या लागतात.

विकणाऱ्याचे दलाल पैशाला पासरी. मी शोधली ती घेणाऱ्याची एजंट. ही बाई विकणाऱ्याकडून एक पैसा घेत नाही, फक्त घेणाऱ्यासाठी घरं शोधते, तपासते आणि भाव करते. वय पन्नाशीचं, पायात कॅनव्हासचे बूट, हातात लाकडी मुठीची छोटी हातोडी. त्या हातोडीनं भिंती वाजवत फिरते, म्हणून मी तिचं नाव टकटकबाई ठेवलं.

पहिल्या भेटीला दादा न बोलावता आला. बाईंनी फॉर्म काढला.

"घरात कोण कोण राहणार?"

"ते अजून ठरायचंय," दादा म्हणाला.

"मी," मी म्हणाले.

बाईंनी 'एक' असं लिहिलं आणि दादाकडे न बघता पुढचं विचारलं. "ताई, अशी एक अट सांगा, जी पुरी झाली नाही तर घर नको."

"माझ्या खोलीतून कोणी कुठं जाता कामा नये."

बाईंनी तेही लिहिलं. हसल्या नाहीत, त्यामुळे मला त्या तिथंच आवडल्या. मग त्यांचा नियम सांगितला. "घर बघताना तोंडात मूग धरून बसायचं. तुमच्या तोंडून एक 'वा' निघाला, की विकणारा ताठलाच. घर आवडलं तर चष्मा काढून पुसायचा. बाकी मी बघते."

तोंडात मूग आणि मी! पण कबूल केलं.

पहिलं घर गुलाबी, देखणं. बाईंनी भिंत वाजवली तर रिकाम्या डब्यासारखी बोलली. "खाऱ्या हवेनं आतलं लोखंड फुगलंय. वर्षभरात पोपडे हातात येतील." दुसऱ्या घरी त्यांनी मला मुद्दाम मोठ्या भरतीच्या दिवशी नेलं. न्हाणीघराच्या जाळीतून गटाराचं पाणी बुडबुड करत वर आलं. तिसऱ्याच्या खिडकीची खिट्टीच माझ्या हातात निघाली.

"शहाणी बाई आहे हो!" दादा प्रत्येक वेळी म्हणे. त्याचा चेहरा इतका खुललेला, की मला शंका यायला हवी होती.

आली नाही. डोळे बाईंनीच उघडले. त्यांचा फोन आला. "तुमचे बंधू काल ऑफिसात आले होते. म्हणाले, प्रत्येक घरात खोट काढत राहा, ती कंटाळून नाद सोडेल. तुमची फी मी देईन, दुप्पट."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मी घेणाऱ्याची माणूस आहे आणि घेणाऱ्या तुमच्या बहीण आहेत. खोट असली तर सांगते, नसली तर तयार करत नाही." मग म्हणाल्या, "उद्या चौथं घर. मी दोनदा वाजवून आलेय, एकदा भरतीच्या वेळी. बंधूंना नक्की आणा."

"त्याला? कशाला?"

"आणा तर."

गल्लीच्या टोकाला तळमजल्यावरचं घर होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. घरमालक एक निवृत्त मास्तर, मुलीकडे राहायला निघालेले, त्यामुळे घाईत. त्यांचा दलाल चकचकीत बुटांत आमच्या मागे मागे.

एजंट आपल्याला सामील होत नाही म्हटल्यावर दादानं स्वतःच कंबर कसली होती. "ही ओल बघा! गज गंजलेत. हे छत का बुरशीचं शेत? पश्चिमेचं ऊन थेट डोक्यावर. कोण राहणार इथं?"

त्यातलं एकही खोटं नव्हतं. बाईंच्या वहीत ते सगळं आधीच होतं, दुरुस्तीच्या खर्चासकट. तरी मला ओरडावंसं वाटलं, की माझ्या घराला नावं ठेवू नकोस. 'माझं' म्हणून मोकळी झाले होते मनातल्या मनात. तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंचा कॅनव्हासचा बूट माझ्या पावलावर आला.

मी निमूट झोपायच्या खोलीत गेले. एकच दार होतं आणि दाराला आतून पितळेची कडी. दार लोटून ती लावली. खट्ट. बाहेर दादाचा आवाज चालूच होता, पण दाराबाहेर. मी पलंगाच्या रिकाम्या जागेवर उभी राहिले आणि मला रडू आलं, सरळ रडूच. बाहेर आले ते चष्मा पुसतच.

बाईंनी पाहिलं. त्यांनी वही मिटून काखेत धरली.

दलाल मास्तरांशी कुजबुजून आला. "साहेब, आम्ही थोडं कमी करू."

"कमी?" दादा कडाडला. "असलं घर मला फुकट दिलं तरी नको!"

दलाल पुन्हा आत गेला. पुन्हा आला. दादा जितका नको म्हणाला, तितकं घर खाली उतरलं. बाई तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग वही उघडून म्हणाल्या, "ताई?"

"घेतलं," मी म्हणाले.

उंटावरून शेळ्या हाकणारा माझा भाऊ, पहिल्यांदाच खाली उतरला आणि आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. गल्लीत आल्यावर तो माझ्याकडे वळला.

"लोक काय म्हणतील? बहिणीला बाहेर काढलं म्हणतील."

"सांग त्यांना, घासाघीस तूच केलीस म्हणून."

"चेष्टा करू नकोस. तुला माझ्या घरात काय त्रास होता?"

"तुझ्या घरात मी राहिलेच नाही, दादा. सव्वीस वर्षं तुमच्या वाटेत झोपले."

बसस्टॉपवर हळूच म्हणाला, "तुला एकटीला बरं नसलं तर?" हे मात्र त्यानं मनापासून विचारलं, माहीत आहे मला.

"तर फोन करीन. तू येऊन बेल वाजव."

राहायला गेले त्याला तीन आठवडे झाले. रविवारी दुपारी चहा घेऊन बसले होते. बाहेरून कोणीतरी दार ढकललं. टकटक नाही, हाक नाही, नुसता तळव्याचा धक्का. सव्वीस वर्षं ऐकलेला धक्का मी ओळखणार नाही का? दार हललं नाही. पुन्हा धक्का. माझा जीव तुटला, खोटं कशाला बोलू. पायसुद्धा उठायला निघाले. मी त्यांना बसवलं.

बेल वाजली.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

बाहेर चपला घासल्या. मग दादाचा आवाज, मी कधी न ऐकलेला. "तुझा दादा. आत येऊ का?"

हा प्रश्न मला दादाच्या घरात कोणीही कधी विचारला नव्हता.

"थांब," मी म्हणाले, आणि उरलेला चहा सावकाश संपवून कडी काढायला उठले.