ग्लेनची स्पॅनिश

दर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत अकरा जण स्पॅनिश बोलायला जमत. दहा गोरे आणि एक ग्लेन आर्रेओला. त्यात सगळ्यात ढ कोण, तर हाच, ज्याच्या आजोबांना स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा ठाऊक नव्हती. सबंध टेक्सासमध्ये अशी नामुष्की याच्याच वाट्याला आली नसेल, पण त्या खोलीत तरी तो एकटाच होता.

ग्लेन एकोणसाठ वर्षांचा. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढण्यात उभी हयात गेलेली. पहिल्याच दिवशी वडिलांविषयी दोन वाक्यं बोल म्हटल्यावर, त्यांना आपण बाजारातून विकत आणल्याचं त्याने जाहीर केलं. पुढच्या आठवड्यात आपल्याला तीनशे मुली आहेत म्हणून सांगितलं. लोक हसले, तोही हसला. वर्गातल्या प्रत्येकाने हौसेने स्पॅनिश नाव घेतलं होतं. ग्लॅडिस नावाची निवृत्त नर्स कोन्सुएलो झाली होती, दातांचे डॉक्टर बिल गिलेर्मो झाले होते. ग्लेन मात्र ग्लेनच राहिला. शाळेतल्या बाईंची जीभ अडखळू नये म्हणून वडिलांनी मुद्दाम निवडलेलं ते नाव त्याला टाकवेना.

बिल दर हिवाळ्यात मेक्सिकोच्या किनाऱ्यावर जाऊन राहत आणि तिथल्या वेटरांशी फाडफाड बोलत. "तुझ्या तर रक्तातच असायला हवी ना रे," ते ग्लेनला म्हणत. आपल्याकडे ती का नाही, हे ग्लेनला चांगलं सांगता आलं असतं. पण ते स्पॅनिशमध्ये सांगता येत नव्हतं, आणि इंग्रजीला तिथे बंदी होती.

बंदी म्हणजे आपली गंमत. शिकवणारी कर्स्टन सव्वीस वर्षांची, दोन वर्षं स्पेनमध्ये राहून आलेली उत्साही पोरगी. जो इंग्रजी बोलेल त्याने कापडी गाढव छातीशी धरून फळ्याजवळ एक मिनिट उभं राहायचं, असा तिचा नियम. गाढव बहुतेक ग्लेनच्याच गळ्यात पडे. तो निमूट उभा राही आणि त्याला वडील आठवत. फाउस्तो आर्रेओला सात वर्षांचे असताना शाळेत स्पॅनिशमध्ये बोलले, म्हणून बाईंनी फळ्यावर खडूने वर्तुळ काढून त्यात नाक टेकवून त्यांना उभं केलं होतं. वर्तुळ मुद्दाम उंच काढलेलं. मधल्या सुट्टीपर्यंत पोरगा टाचा उचलून उभा. आपल्या मुलावर ही वेळ येऊ द्यायची नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं म्हणे. पुढे मुलगा झाल्यावर ते घरात बायकोशीसुद्धा इंग्रजीतच बोलले.

आता ते चौऱ्याऐंशीचे होते. सहा महिन्यांपूर्वी मेंदूला झटका आला आणि त्यात इंग्रजी तेवढी पुसून गेली. उरली ती स्पॅनिश. ग्लेन रोज काम सुटल्यावर वृद्धाश्रमात त्यांच्यापाशी जाऊन बसे. त्याच्याकडे बघत वडील रोज तेच काहीतरी, मोठ्या अदबीने बोलत. तिथली सेविका येसेनिया पाणी हवंय, पाय दुखतोय, एवढं सांगायची. पण त्या बोलण्याचं विचारलं, की "जुन्या आठवणी असतात हो त्यांच्या," म्हणत चादर सारखी करायला लागायची. ग्लेनला त्या टाळाटाळीची चीड येई. बापाचं बोलणं दुसऱ्याकडे किती दिवस मागायचं, म्हणून त्याने हा वर्ग लावला होता.

अकराव्या आठवड्यात कर्स्टनने प्रत्येकाला ओळखीच्या कुणाचं तरी बोलणं फोनवर टिपून आणायला सांगितलं. ग्लेनने वडिलांचं आणलं. त्या दिवशी तो जरा ऐटीतच होता. बाकीच्यांनी कुणी माळ्याचं, कुणी शेजारणीचं आणलं होतं. सख्ख्या बापाचा आवाज फक्त त्याच्याकडे होता. त्याने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

अर्ध्या मिनिटाचंच बोलणं. सुरुवातीला बिल कौतुकाने मान डोलवत होते, मग त्यांची मान थांबली. ग्लॅडिसने चष्मा काढून हातात घेतला. घाईघाईने बोललेल्या त्या वाक्यांतला 'मुलगा' हा शब्द तेवढा ग्लेनला ओळखू आला.

"काय म्हणाले ते?" त्याने सरळ इंग्रजीत विचारलं.

गाढवाकडे कुणी बोट दाखवलं नाही. कर्स्टन समोरचे कागद चाळत राहिली. शेवटी ग्लॅडिसच बोलली, आणि तीही इंग्रजीतच.

"ग्लेन, ते म्हणताहेत, हे गृहस्थ रोज येऊन बसतात. भला माणूस आहे. पण त्यांना म्हणावं, आता त्रास घेऊ नका. माझा मुलगा येणार आहे."

ग्लेनला आधी दुःख झालंच नाही, संताप आला. त्याच्या बापाने त्याला ओळखलेलं नाही, हे दातांच्या डॉक्टराला त्याच्याआधी कळलं होतं. मग तो म्हणाला, "मला एक बोलणं पाठ करून द्या. बिनचूक. मीच तुमचा मुलगा आहे, रोज येतो तो मीच." तासभर दहा जण त्याचा एकेक उच्चार घासूनपुसून देत होते. तो चुकत होता तरी कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

तिथून तो थेट वृद्धाश्रमात गेला. येसेनिया वडिलांना सूप भरवत होती. ग्लेन समोर बसला, त्यांचा हात हातात घेतला आणि बोलला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तो स्पॅनिशमध्ये एवढं बोलला, आणि एकही चूक झाली नाही.

फाउस्तोंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्याला समजावं अशा बेताने, सावकाश आणि प्रेमाने ते म्हणाले, "नाही हो, तुमची काहीतरी गफलत होतेय. माझ्या मुलाला स्पॅनिश येत नाही. एक शब्द येत नाही. मी त्याच्या कानावर पडूच दिली नाही."

आणि ते अभिमानाने हसले. येसेनियाने तोंड फिरवलं, पण या वेळी ग्लेनला तिला काही विचारायचं नव्हतं. त्याला शब्द न् शब्द कळला होता.