येळवशीचा जामीनदार

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असं मला वाटलं होतं. मी पेढे आणायला निघालेसुद्धा. वकील म्हणाले, "थांबा आरजूताई, आता जामीनदार आणा. स्वतःच्या नावावर घर किंवा जमीन असलेला." आमच्या अख्ख्या गल्लीत भाड्याची घरं. गरिबाचे सगळे दोस्त सातबारा खिशात घालून फिरतात, असं कायदा करणाऱ्यांना वाटत असावं.

गुफरान माझा धाकटा भाऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर टॉवेल विणायचा. कारखान्यातून सूत चोरीला गेलं आणि मालकानं याचं नाव घेतलं. त्यानं चोरी केलेली नाही. हे मी बहिणीच्या मायेनं सांगत नाही. इतका भोळसट आहे तो, की साधी थाप मारली तरी कान लाल होतात.

जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरतो म्हटलं, तो अर्ज फेटाळला. कोर्टासमोरच्या टपरीवर भाड्याचे जामीनदार मिळतात, दुसऱ्याचे कागद घेऊन उभे राहतात. तुरुंगात भेटीला गेल्यावर काचेपलीकडच्या गुफरानला मी ते विचारलं, तर फोनमध्ये केवढ्यांदा ओरडला.

"खोट्या आळातून सुटायला खोटा माणूस आणणार का, बाजी?"

मग आवाज खाली गेला. "पण आता सहन होत नाही. एकोणीस तारखेला जज विचारणार, गुन्हा कबूल आहे का. आतले म्हणतात, हो म्हण, आत काढलेले दिवसच शिक्षा धरून सोडतात. तोपर्यंत जामीनदार आला नाही, तर मी हो म्हणणार."

"आणि जन्मभर चोर म्हणून फिरणार?"

"बाहेर तरी फिरेन."

मी चिडले, रडले, काचेवर हात आपटला. भेटीची वेळ संपली होती.

त्याच्या शेजारच्या मागावर शिवयोगी काम करायचा. त्याचे वडील ईरप्पा अक्कलकोटच्या पुढे, अगदी राज्याच्या हद्दीवरच्या गावात राहतात. जमीन त्यांच्या एकट्याच्या नावावर. मी गावी गेले तेव्हा म्हाताऱ्यानं फार चौकशी केली नाही.

"गुफरान आमच्या घरात जेवलेला हाय. तो चोरी करनार न्हाय. कुटं यायचं तेवडं सांगा की."

एकोणीस तारीख, शुक्रवार, सकाळी कोर्टात. मी शिवयोगीला दोनदा सांगितलं, त्यानं दोनदा मान हलवली. ईरप्पाकाका येणार, असा निरोप वकिलांकरवी गुफरानलाही पोचवला. बऱ्याच दिवसांनी त्या रात्री मला झोप लागली.

शुक्रवारी मी कोर्टाच्या पायरीवर. दहा वाजले, अकरा वाजले. फोन नुसता वाजत होता. शेवटी शिवयोगीनं उचलला. मागे पोरांचा कालवा, बायकांचं हसणं.

"अरे कुठं आहात?"

"शेतात, अक्का. आज येळवस हाय की!"

मार्गशीर्षातली अमावस्या. त्या बाजूला त्या दिवशी घरं कुलूप लावून सगळं गाव शेतात असतं. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा होते, मग भज्जी, आंबील. घरच्या कर्त्यानं त्या दिवशी शेत सोडायचं नसतं.

"आणि कोर्ट?"

"आज कोर्ट कुटं चालू असतंय, अक्का? हितं शाळासुद्धा बंद हाय. आमी म्हटलं, तुमी तारीख सांगितली, पन येळवस आली तर कोर्ट उद्याच म्हनायचं."

खोटं बोलत नव्हता. त्यांच्या गावात चहाची टपरीसुद्धा बंद, तर सरकार कसं उघडं असेल? मी त्याला वाट्टेल ते बोलले. इथं सगळं चालू आहे रे, जज बसलाय, माझा भाऊ आज स्वतःच्या तोंडानं चोर होतोय! मग ईरप्पांनी फोन घेतला. बायकोशी कन्नडमध्ये काहीतरी बोलले, आणि मला एवढंच म्हणाले, "निगालो बाई."

वकिलांनी गयावया करून पुकारा दुपारनंतर ढकलला. पण तीनच्या सुमारास नाव आलंच. भिंतीवरच्या पडद्यावर गुफरान दिसला, तुरुंगातल्या कॅमेऱ्यासमोर उभा, दाढी वाढलेली. वकील म्हणाले, "साहेब, जामीनदार रस्त्यात आहे." जज म्हणाले, "आरोपीच म्हणतो, बोलायचं आहे." मी उठून दोन्ही हात हलवले. नको, नको, थांब. तो माझ्याकडेच बघतोय असं वाटत होतं, पण तिकडे त्याला जजशिवाय कुणी दिसत नव्हतं. शिपायानं मला खाली बसवलं.

"गुन्हा कबूल आहे?"

"हो."

"कुणाचा दबाव?"

"नाही, साहेब."

ईरप्पा आले तेव्हा कोर्ट उठत होतं. कपाळावर विभूती, पाय अनवाणी, हातात कागदांची पिशवी. सणाच्या दिवशी गावातून गाडीच मिळत नव्हती.

"अंगठा कुटं लावायचा?"

"गरज नाही, काका. सुटला तो. उद्या सोडतील."

"मग चांगलं झालं की! रडताय कशाला?"

"चोर म्हणून सुटला."

म्हातारा पायरीवरच बसला. "बापाच्या माघारी येळवस कदी चुकली न्हाय," म्हणाला. "आज पूजा अर्ध्यात सोडून आलो, बाई." मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही. मी त्यांना पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी गुफरान बाहेर आला. माझ्याकडे न बघता चालत होता. ईरप्पाकाका आले होते, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तोच बोलला.

"ईरप्पाकाकांवर चिडू नकोस, बाजी. काल येळवस होती. मला आत आठवलं ना! वकील रस्त्यात आहे म्हणाले, पण ते पूजा सोडून येणं शक्यच नाही. म्हणून मी वाट बघितली नाही."

मी तोंड मिटलं आणि रिक्षाला हात केला.