चौदा वर्षं उशिराची दुरुस्ती

नगरपरिषदेच्या पत्रकात असतं तरी काय, असं कुणी विचारलं की पत्रकबाईचं डोकं फिरायचं. काय असतं म्हणजे? गटारं कधी उपसणार ते असतं. रस्त्यावर उडून आलेली वाळू कधी झाडणार, समुद्राकाठच्या कठड्याला रंग कोणत्या आठवड्यात, तेही असतं. ओल्या कठड्याला टेकू नका असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं. तरी दरवर्षी कुणीतरी टेकायचंच आणि पाठीवर निळे पट्टे घेऊन परिषदेत भांडायला यायचंच. तेवीस वर्षं ती हे पत्रक लिहीत होती. तिचं खरं नाव आता पगाराच्या कागदावरच तेवढं उरलं होतं.

वादळी हंगाम तोंडावर आला होता. एका सकाळी हेडक्लार्क तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. माणूस वाईट नव्हता, फक्त आनंदाची बातमी कुणाला आनंदाची वाटेल याचा त्याला कधी अंदाज नसायचा.

"बाई, हा शेवटचा छापील अंक बरं का! पुढच्या हंगामापासून सगळं मोबाइलवर. बाहेरगावचं टपालही बंद. पाकिटं चिकटवायची कटकट गेली. सुटलात एकदाच्या!"

"हो, सुटले," ती म्हणाली, आणि हात धुवायच्या निमित्ताने मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

कारण बाहेरगावच्या एकसष्ट पत्त्यांमध्ये अडतिसावा पत्ता तिच्या धाकट्या भावाचा होता. तिने त्याला आजवर सतरा पत्रं लिहिली होती. सतराही पत्रं 'घेण्यास नकार' असा शिक्का मारून, न फोडता परत आली होती. पत्रक मात्र एकदाही परत आलं नव्हतं. चौदा वर्षं, वर्षातून चार वेळा, ते त्याच्या दारात पडत होतं आणि तो ते ठेवून घेत होता. निदान ती तसं धरून चालली होती. गटारं उपसल्याची बातमी लिहितानाही तिच्या डोळ्यांसमोर एकच वाचणारा असायचा. आता तोही धागा तुटणार होता.

धाकटा परिषदेच्या देखभालीच्या टोळीचा मुकादम होता. समुद्राकाठच्या भिंतीत वाळूवर उतरायला सहा वाटा सोडल्या आहेत. मोठ्या उधाणाच्या आदल्या दिवशी त्या वाटांमध्ये जाड लाकडी फळ्या बसवून त्या बंद करायच्या, ही इथली जुनी पद्धत. उधाणाचा तक्ता बघून तारीख काढायची पत्रकबाईने, आणि त्या तारखेची चिठ्ठी द्यायची मुकादमाच्या हातात. बहीण चिठ्ठी लिहिते, भाऊ फळ्या बसवतो. वडिलांना या गोष्टीचं कोण कौतुक! खालच्या मजल्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक घड्याळ घ्यायला आलं की आधी पोरांचं कौतुक ऐकायचं, मग घड्याळ मिळायचं.

चौदा वर्षांपूर्वीच्या हंगामात फळ्या बसल्याच नाहीत. उधाण शुक्रवारी आलं. पाणी सहाही वाटांनी आत घुसलं आणि गल्लीत मांडीपर्यंत चढलं. वडील लोकांची घड्याळं वाचवायला दुकानात उतरले आणि दोन तास पाण्यात उभे राहिले. छाती भरली, ताप चढला, नवव्या दिवशी गेले. चौकशी झाली तेव्हा धाकट्याने एका ओळीत लिहून दिलं, 'माझ्याकडून राहून गेलं.' घरी भेटायला आलेली माणसं पायरीवर बसलेली असताना ती त्याला म्हणाली, "तुझ्या आळसाने अण्णा गेले. मला तोंड दाखवू नकोस." तो संध्याकाळी पिशवी घेऊन निघाला. गल्लीने त्याला जाताना बघितलं आणि कुणी हाक मारली नाही. तिनेही नाही.

पुढे सहा वर्षांनी जुन्या फायली बांधताना तिला त्या चिठ्ठीची कार्यालयातली प्रत सापडली. चिठ्ठीवर शनिवार होता. फळ्या शनिवारी बसवा, असं तिच्याच अक्षरात. चिठ्ठीच्या मागे टाचलेला उधाणाचा तक्ता आदल्या वर्षाचा होता. भिंतीवर नव्या तक्त्याच्या खाली जुना तसाच लटकत असे, आणि घाईत तिने खालचा कागद ओढला होता. इतकी क्षुल्लक गोष्ट! धाकट्याकडे चिठ्ठी होती. त्याने ती कुणाला दाखवली नव्हती.

तिथून पुढे तिने पत्रांत सगळं कबूल केलं. पण न फोडलेल्या पाकिटात कबूल करून काय उपयोग? आणि चारचौघांत बोलायची हिंमत तिला झाली नाही. खोटं कशाला बोला, ती भ्यायली. नोकरीला भ्यायली, लोकांना भ्यायली. गल्लीत कुणी धाकट्याचं नाव काढून बोटं मोडली की ती खाली मान घालून पिशवीतली भाजी बघत बसायची. अशी आठ वर्षं गेली.

मोरीतला नळ बंद करून ती टेबलाशी आली आणि शेवटच्या अंकाची पानं लावायला घेतली. चौथ्या पानावर खाली दुरुस्तीची चौकट असते. मागच्या अंकात काही चुकलं असेल तर तिथे सांगायचं. तिने लिहिलं:

'दुरुस्ती. चौदा वर्षांपूर्वीच्या हंगामात समुद्राकाठच्या वाटांना फळ्या न बसल्याने गल्लीत पाणी शिरले. त्याचा दोष मुकादमावर आला. फळ्या बसवण्याची तारीख त्यांना चुकीची कळवली गेली होती. ती चूक पत्रक लिहिणारीची, म्हणजे माझी. मुकादमांनी ती स्वतःवर घेतली. ते माझे भाऊ आहेत.'

हेडक्लार्कने वाचलं आणि चष्मा काढला.

"बाई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"मला चांगलं बरं वाटतंय."

"अहो, दुरुस्ती मागच्या अंकाची असते. चौदा वर्षांपूर्वीची कुणी छापतं का? अध्यक्ष मला उभा चिरतील. तुमची पेन्शन पाच वर्षांवर आलीय. आठवतंय ना?"

"आठवतंय. नाही छापलं तर मी हे हाताने लिहून सहाशे घरांत टाकणार आहे. अक्षर माझं चांगलं आहे."

तो बराच वेळ चष्म्याची काडी चावत बसला. मग म्हणाला, "शेवटच्या दोन ओळी नियमात बसत नाहीत."

"त्या काढायच्या नाहीत."

"काढायला सांगत नाहीये. फक्त सांगतोय," असं पुटपुटून त्याने खाली सही ठोकली. अध्यक्ष तसंही पत्रक कधी वाचत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं.

पत्रक वाटलं गेलं आणि गल्लीत एकच गदारोळ उठला. किराणावाल्याने तिच्या हातात पिशवी देताना तोंड फिरवलं. पलीकडच्या शिंपीणमावशी मात्र सरळ वर आल्या आणि म्हणाल्या, "त्या पोराला मी काय काय बोलले होते! तू ऐकत होतीस की गं सगळं." परिषदेने तिला लेखी समज दिली आणि ती तिने स्वतःच फायलीला लावली. फळ्या बसवायच्या दिवशी ती भिंतीपाशी गेली तेव्हा टोळीतला म्हातारा रंगारी हातातलं काम टाकून तिच्याजवळ आला. "आम्ही त्याला विचारलं होतं," तो म्हणाला. "म्हणाला, चिठ्ठी हरवली. विषय संपला." मग फळीवर हातोडा मारायला निघून गेला.

तिला या कशाचं काही वाटत नव्हतं, असं नाही. रात्री उशी ओली व्हायची. पण दिवसा तिचे कान टपालवाल्याच्या सायकलकडे असायचे. पत्रक परत येतंय का? पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. साठ पत्त्यांवरून काही आलं नाही आणि अडतिसाव्या पत्त्यावरूनही आलं नाही. परत न येण्यावर चौदा वर्षं जगलेल्या बाईला आता तेवढ्याने पुरेना.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, कार्यालयाचा फोन वाजला.

"परिषद कार्यालय," ती म्हणाली.

"ते तू आपणहून लिहिलंस, की लिहून घेतलं तुझ्याकडून?"

आवाज जाड झाला होता. तरी दुसऱ्या शब्दाला तिने ओळखला. तिने टेबलाची कड धरली.

"आपणहून. हेडक्लार्क नको म्हणत होता."

"मग ठीक आहे."

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना रे?"

"चिठ्ठी माझ्या खिशात होती. तू त्याच वर्षी कायम झाली होतीस. नऊ वर्षं वाट बघून. तुला काढलंच असतं. म्हटलं, माणसं गेल्यावर तुला एकटीला सांगू. तेवढ्यात तू पायरीवर ते बोललीस."

"मी पत्रं लिहिली रे. सतरा. तू एकही उघडलं नाहीस."

"भीती वाटायची."

"कसली?"

"तू मला माफ केलंस असं लिहिलं असशील, त्याची. जे मी केलंच नाही त्याची माफी तुझ्या हातून वाचली असती ना, ताई, तर मी पत्रकसुद्धा बंद केलं असतं."

पहिल्या पाच पत्रांत तिने तेच लिहिलं होतं. अगदी मोठं मन करून, ओळीच्या ओळी. 'छे रे, काहीतरीच' हे शब्द तिच्या जिभेवर आले. पलीकडे तो वाट बघत होता. समोर हेडक्लार्क फायलीत डोकं घालून सगळं ऐकत होता.

"लिहिलं होतं," ती म्हणाली. "पहिल्या पाचांत तेच लिहिलं होतं."

तो फोन ठेवतो की काय, असं तिला वाटलं.

"आता लपवायचं नाही म्हणून सांगितलं," ती घाईघाईने म्हणाली. "मला तुझी फार आठवण येते रे. घरात जेवायला बसले की येते. ये ना."

"लगेच ये म्हणू नकोस. इतकी वर्षं रागावून राहायची सवय झालीय, ती एका फोनने कशी जाईल?"

"बरं. नाही म्हणत."

"फोन करीन."

"कधी?"

"करीन गं."

"मी दहा ते साडेपाच इथेच असते," ती म्हणाली. "नंतर घरी. घरचा नंबर तोच आहे, मी बदलू दिला नाही."

फोन बंद झाला. हेडक्लार्कने मान वर न करता विचारलं, "तक्रार होती का, बाई?"

"हो," ती म्हणाली, "आणि खरी होती." त्या दिवशी सगळे गेले तरी ती सात वाजेपर्यंत फोनपाशी बसून राहिली. मग घरचा वाजत असेल, असं वाटून धावत सुटली.