नॉर्वेत गाडी कोण चालवणार

नॉर्वेला गेल्यावर तिथे भाड्याची गाडी घ्यायची आणि ती स्वतः चालवायची, हे श्रीधर आगाशे यांनी कोणालाही न विचारता ठरवून टाकलं. घरच्यांना कळलं ते गाडी बुक झाल्यावर.

जाणार होते चौघं. श्रीधरराव, त्यांच्या पत्नी कुसुमताई, हडपसरला राहणारी मुलगी तनया आणि तिचा पहिलीतला अर्णव. जावयाला सुट्टी मिळत नव्हती. तनया स्कूटरपलीकडे काही चालवत नसे आणि कुसुमताईंनी तर स्टिअरिंगला कधी हातही लावला नव्हता. म्हणजे चालवणार एकटे श्रीधररावच. वय अडुसष्ट.

तनयाने टूर कंपनीचं सुचवून पाहिलं होतं. "झेंडा धरलेल्या माणसामागे चालायला मी काय मोर्चात चाललोय?" एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला. पिंपरीच्या कारखान्यात सगळी नोकरी काढली, शनिवार पेठेतून रोज गाडीने गेले-आले, पुढे कोकण झालं, हिमाचल झालं, गाडीला कधी मोठा ओरखडा नाही. डोळे तपासून घेतले, तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ त्यांनी धडाधड वाचली. परदेशात चालवायचा परवानाही हातात आला.

कुसुमताईंना मात्र धास्ती बसली. श्रीधरराव सकाळी फिरायला गेले की त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून फोनवर तिथल्या रस्त्यांचे व्हिडिओ बघत. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल काळंनिळं पाणी, मध्ये जेमतेम एका गाडीचा रस्ता. आणि सगळी वाहतूक उजवीकडून. आयुष्यभर डावीकडून चालवलेला माणूस एखाद्या वळणावर सवयीने डावीकडे गेला आणि समोरून ट्रक आला तर? मागच्या सीटवर अर्णव असणार. तिथवर विचार पोचला की त्या फोन पालथा घालून ठेवत.

त्यांनी एकदा बोलून दाखवलं, तर श्रीधररावांनी जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून धडाच घेतला. ही मोठी वाटी म्हणजे तिथला गोल चौक, हा चमचा म्हणजे आपण. "गोल चौकात शिरताना डावीकडून येणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं, मग आपण. इतकं सोपं आहे. आपल्या टिळक चौकापेक्षा तर फारच सोपं."

त्याच दुपारी जेवताना ते म्हणाले, "आज चटणीला सुट्टी दिलीस का?"

चटणी ताटात होती. नेहमीच्या जागी, मिठाच्या आणि लिंबाच्या शेजारी, डावीकडे. कुसुमताईंनी बोटाने दाखवली तेव्हा त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "अशी लपवून वाढतेस होय." दोघंही हसली.

रविवारी सकाळी प्रवासाचं पक्कं करायला ती दोघं तनयाकडे निघाली. एरवी गाडीत बसल्या की कुसुमताई फोन काढत. त्या दिवशी मनात भीती होती म्हणून त्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

स्वारगेटला डाव्या अंगाने एक बस येत होती. त्यांना ती केव्हाची दिसत होती. श्रीधरराव मात्र हळूहळू तिच्याच बाजूला सरकत होते. बसने जोरात हॉर्न दिला, तसे ते उजवीकडे झाले आणि बसवाल्याला दोन शब्द बोलले. पुढे एक रिक्षा. परत तसंच, हॉर्न वाजला तेव्हा बाजूला झाले. मग एक मोटारसायकल. पुलगेट येईपर्यंत कुसुमताईंच्या एक गोष्ट लक्षात आली. उजवीकडचं कुत्रंसुद्धा श्रीधररावांना लांबून दिसत होतं. डावीकडचं मात्र कोणी हॉर्न वाजवल्याशिवाय कळत नव्हतं.

"अहो, डावीकडे बघा ना जरा."

"बघतोय की."

आणि ते खरंच बघत होते. आरशाकडे, मग समोर, परत आरशाकडे. बघण्यात काही कमी नव्हतं. तनया मागे एकदा कौतुकाने म्हणाली होती, आई, नॉर्वेत दिवसभर फिरलं तरी हॉर्न ऐकू येत नाही. ते कुसुमताईंना आत्ता आठवलं. इथे बाकीचे लोक ओरडून यांना सांभाळून घेत होते. तिथे कोण सांभाळणार?

हडपसरला तनयाच्या सोसायटीकडे डावीकडे वळायचं होतं. वळणाआधी श्रीधररावांनी इंडिकेटर दिला, मान वळवून डावीकडे पाहिलं आणि गाडी वळवली. कुसुमताईंच्या खिडकीला अगदी लागून एक मुलगी इलेक्ट्रिक स्कूटरवर सरळ चालली होती. कुसुमताई ओरडेपर्यंत धक्का बसलाही होता. स्कूटर आडवी झाली, मुलगी फुटपाथच्या कडेला पडली.

श्रीधरराव खाली उतरले ते तावातावानेच. "कुठून आलात तुम्ही? गाडीला आवाज नाही, हॉर्न देता येत नाही?"

मुलीने हेल्मेट काढलं. गुडघा फुटला होता, कोपर सोलवटलं होतं, पण ती उठून बसली. पुढे कळलं, तिचं नाव प्रियदर्शनी, मूळची वाशीमची, जवळच्याच आयटी कंपनीत नोकरीला. ती भांडली नाही. ती गोंधळून श्रीधररावांच्या तोंडाकडे बघत होती.

"काका, मी कधीची तुमच्या बाजूलाच होते," ती म्हणाली. "तुम्ही बघितलं ना माझ्याकडे. मला वाटलं, बघितलंय म्हणजे थांबाल."

 श्रीधरराव म्हणाले, आपण कोणाला पाहिलं नाही, तिथे कोणी नव्हतंच. जमलेल्या लोकांतला एक जण हसला. कुसुमताईंना हसू आलं नाही. हा माणूस खोटं बोलत नाही हे त्यांना माहीत होतं, आणि ती मुलगीही खोटं बोलत नव्हती. दोघंही खरं बोलत असतील तर?

मुलीला शेजारच्या दवाखान्यात नेऊन पट्टी केली, फोन नंबर घेतला आणि ती दोघं तनयाकडे पोचली. तिथे श्रीधररावांनी सगळं आपल्या बाजूने सांगितलं. हल्लीच्या गाड्या, हल्लीची मुलं, रस्त्यावरची बेशिस्त. तनया चहा ठेवायला आत गेली. अर्णव पलीकडच्या खोलीत कार्टून बघत होता. कुसुमताई उठल्या आणि नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही."

"हे काय नवीन?"

"बघा म्हटलं ना."

ते बघायला लागले. कुसुमताईंनी त्यांच्या उजव्या अंगाला हात धरून तीन बोटं दाखवली. किती म्हणून विचारलं तर त्यांनी लगेच तीन सांगितलं, वर पुढच्या इयत्तेचा प्रश्न काढायलाही सांगितलं. मग कुसुमताईंनी दुसरा हात त्यांच्या डाव्या अंगाला धरला. दोन बोटं.

"आता किती?"

"कसली?"

"बोटं."

"कुठायत बोटं? हात तरी वर कर."

कुसुमताईंनी हात हलवला. मग जोरात हलवला. बांगड्या वाजल्या. श्रीधरराव त्यांच्या नाकाकडे शांतपणे बघत राहिले होते, पुढचा प्रश्न कधी येतो याची वाट बघत. चहाचा ट्रे घेऊन आलेली तनया दारातच उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "आई हात हलवतेय."

त्यांनी नजर वळवली. हात तिथे होता. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरताना कुसुमताईंना दिसला. "परत कर," ते म्हणाले. परत केलं. परत तेच झालं. चहा तसाच राहिला. गाडी तनयाच्या सोसायटीत ठेवून ती दोघं रिक्षाने घरी आली. सगळ्या वाटेत श्रीधररावांनी बायकोचा हात सोडला नाही, आणि हे त्यांनी याआधी रस्त्यात कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना एका यंत्रापुढे बसवलं. समोर ठिपके चमकतील, दिसला की बटण दाबायचं. बाहेर बसलेल्या कुसुमताईंना बटणाचा आवाज येत होता. मध्येच तो थांबे आणि बराच वेळ येतच नसे. त्या शांततेत आत ठिपके चमकत असणार हे त्यांना कळत होतं. कागद छापून आला तेव्हा दोन्ही डोळ्यांचा डावा भाग काळा होता.

डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मग मेंदूचा स्कॅन झाला. मेंदूच्या मागच्या बाजूला, जिथे दिसलेलं समजतं, तिथला रक्तपुरवठा केव्हातरी बंद पडला होता. दुखत नाही, हातपाय लुळे पडत नाहीत. आणि माणसाला काळोखही दिसत नाही. जे दिसत नाही ते मुळी आहे असंच त्याला वाटत नाही. मध्यंतरी काही झालं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. कुसुमताईंना जानेवारी आठवला. डोकं फार दुखतंय म्हणून हे एक दिवस झोपून राहिले होते. त्यांनीच बाम चोळून दिला होता. आता एप्रिल संपत आला होता.

गाडी चालवणं बंद, इथेही आणि तिथेही. पुन्हा झटका येऊ नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या. येणारच नाही असं मात्र डॉक्टर म्हणाले नाहीत.

घरी आल्यावर श्रीधरराव खिडकीपाशी बसून राहिले. कुसुमताईंना वाटलं, प्रवास हुकला म्हणून बसलेत. त्या समजूत घालायला गेल्या.

"दर गुरुवारी मी अर्णवला शाळेतून आणतो," ते म्हणाले. "जानेवारीनंतरही आणत होतो. गाडी फाटकातून बाहेर काढतो तेव्हा डावीकडे पोरं उभी असतात ना गं?"

"असतात."

"मला एकही आठवत नाही."

 आजवर कुसुमताई पुढच्या प्रवासाला घाबरत होत्या. आता मागचे सगळे गुरुवार समोर येऊन उभे राहिले, आणि त्यांचं काय करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात श्रीधररावांनी प्रियदर्शनीला फोन केला आणि कुसुमताईंना घेऊन तिच्या खोलीवर गेले. तिच्या स्कूटरच्या दुरुस्तीची व्यवस्था करून आले होते, पण ते आधी बोलले ते दुसरंच. "तुमचं खरं होतं. मी तुमच्याकडे बघितलं होतं. मला तुम्ही दिसला नाहीत." तिला आधी नीट कळलं नाही. कळल्यावर तिने चटकन आपला गुडघा ओढणीने झाकून घेतला आणि म्हणाली, "काका, तुम्ही बसा ना. पाणी घ्या."

भाड्याची गाडी रद्द झाली. श्रीधरराव म्हणाले, आता जाणंच नको, तिकडे परक्या देशात काही झालं तर तुम्ही काय करणार. आश्चर्य म्हणजे हट्ट धरला तो कुसुमताईंनी. "मी घाबरलेलीच आहे," त्या म्हणाल्या. "घरी बसले तरी घाबरणारच आहे. मग तिकडेच घाबरते." डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली आणि ऑगस्टमध्ये चौघं गेली. रेल्वेने फिरली, बोटीने फिरली. एका दिवशी बस होती, तीही कड्यावरच्या अरुंद रस्त्याची. व्हिडिओतलं काळंनिळं पाणी खाली दिसत होतं. अर्णव काचेला नाक लावून ओरडत होता. कुसुमताईंचं पाण्याकडे लक्ष नव्हतं.

"अहो, आज वार कोणता?" त्यांनी विचारलं.

त्या असं मधूनमधून काहीतरी विचारत. वार, जावयाचा फोन नंबर, काल काय खाल्लं. पुन्हा झटका आला तर लगेच कळावं म्हणून, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बुधवार," श्रीधरराव म्हणाले. "बुधवारच आहे."

उत्तर बरोबर होतं. पूर्वीचे असते तर असल्या प्रश्नावर टोमणा मारल्याशिवाय राहिले नसते. कुसुमताई त्या टोमण्याची थोडा वेळ वाट बघत राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या मफलरचं टोक नीट केलं आणि पुढचा प्रश्न कोणता विचारायचा ते शोधू लागल्या.