तिसऱ्या मोज्यातली वाइन

आर्मेलनं सकाळीच ठरवून टाकलं होतं, की आज जेवताना काय व्हायचं ते होऊ दे, संध्याकाळच्या आत व्यापाऱ्याला फोन करायचाच. हो म्हणायला, नाहीतर नाही म्हणायला. सोमवारी सकाळी सातला त्याचा टँकर तिच्या दारात येणार होता आणि टाकीतली सगळी वाइन ओढून नेणार होता. मग ती दहा गावांच्या वाइनमध्ये मिसळली जाणार आणि तिच्यावर आर्मेलचं नाव कुठेही असणार नव्हतं.

वडील गेल्यावर तिनं एकटीनं केलेली ही पहिलीच वाइन. गावात भेटेल तो एकच सल्ला द्यायचा, "देऊन टाक गं, पहिल्याच वर्षी कशाला जीव टांगणीला लावतेस?" त्या सल्ल्याचा तिला वीट आला होता. आणि खरं सांगायचं तर एकटी असली की तिलाही तेच वाटायचं, याचा जास्त राग यायचा.

म्हणून तिनं टाकीतून एक बाटली भरली, तिच्यावर नावाची चिठ्ठी चिकटवली, वरून मोजा चढवला आणि मिरेयकडे गेली. मिरेय तिची शाळेपासूनची मैत्रीण, आता शेळ्या पाळते आणि चीज करते. तिच्याकडच्या रविवारच्या जेवणाला प्रत्येकानं एक बाटली आणायची, अशीच मोज्यात झाकून. मोजे सगळे सारखे, मिरेयनंच विणलेले राखाडी. ती स्वयंपाकघरात बाटल्यांची अदलाबदल करते, मोज्यांवर खडूनं आकडे घालते, आणि मग कुणाची कुठली हे तिलाही सांगता येत नाही. दुसऱ्याची वाइन ओळखता आली नाही तर कुणी काही म्हणत नाही. स्वतःची ओळखता आली नाही, तर मात्र वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

टेबलाशी चौघंच होती. मिरेय, आर्मेल, शेजारच्या मळ्याचा त्रिस्ताँ आणि लेऑन्स काका. काकांची सत्तरी उलटली होती आणि त्यांच्या जिभेचा आख्ख्या खोऱ्यात दरारा होता. ते आर्मेलच्या वडिलांचे मित्र. त्यांनी नाक मुरडलं की माणूस आठवडाभर जेवत नसे. आर्मेलला आज त्यांचंच मत हवं होतं, आणि तेही बाटली कुणाची हे त्यांना माहीत नसताना.

लाल मुळे, लोणी आणि मीठ समोर आलं तशी पहिली बाटली फिरली. काकांनी ग्लास नुसता नाकाशी नेला.

"ही दक्षिणेची. मिरेय, दुकानाची पावती फेकलीस, की मोज्यातच आहे?"

"तुमचं नाक कापून ठेवायला पाहिजे," मिरेय म्हणाली.

मग सशाचा रस्सा आला आणि दुसरी बाटली. त्रिस्ताँ कोवळी पालवी जाळणाऱ्या दहिवराबद्दल बोलत होता. वेलींना कोंब फुटलेत आणि अजून दोन थंड पहाटा यायच्यात, त्याला झोप नव्हती. सगळे ऐकत होते, पावाचे तुकडे रश्शात बुडवत होते, आणि बाटली या हातातून त्या हातात जात होती. वाइनबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

"ही काकांची," शेवटी त्रिस्ताँ म्हणाला.

"हो, माझीच," लेऑन्स काका मिशीतल्या मिशीत हसले. "लपवून लपते होय?"

आर्मेललाही तसंच वाटलं. इतकी मोकळी, इतकी बिनधास्त वाइन त्यांचीच असणार. तिला हेवा वाटला.

तिसरीचा घोट घेऊन काकांनी ग्लास खाली ठेवला, जरा जोरातच.

"ही कुणाची? घोटाबरोबर तोंड वाळलं माझं. तुरट, हट्टी. हाताची घडी घालून बसलीय नुसती."

"माझी नाही बुवा," त्रिस्ताँनं हात वर केले.

पहिली मिरेयची, दुसरी काकांची, त्रिस्ताँची ही नाही. म्हणजे ही आपलीच, आर्मेलनं हिशेब केला. तिनं घोट घेतला. खरंच कडक होती. पण आपली वाइन तिनं आजवर फक्त तळघरात चाखली होती, टाकीच्या तोटीखाली ग्लास धरून, गार, आणि चाखून थुंकली होती. जेवणाबरोबर ती कशी लागते हे तिला कुठे ठाऊक होतं! तिनं दुसरा घोट घेतला, या वेळी रश्शातल्या मांसाच्या तुकड्याबरोबर, आणि घाई न करता गिळला.

"हट्टी आहे, पण वाईट नाहीये," ती म्हणाली.

"पोरी, मी पन्नास वर्षं—"

"तुमची पन्नास वर्षं राहू द्या, काका. परत घ्या. मांसाबरोबर घ्या, नुसती नका घेऊ. आत फळ आहे. तुरटपणा वर आहे, कारण ती लहान आहे. दोन वर्षं द्या हिला. तुम्हाला लगेच लाडात येणारी वाइन हवी, ही येणार नाही. म्हणून काय ओतून द्यायची?"

"अगं, हळू," मिरेय म्हणाली.

"हळू का? सहा महिने मी सगळ्यांचं हळूच ऐकून घेतलंय. ही वाइन माझी आहे. काकांना आवडली नाही, नसू दे. मी हिच्या बाटल्या भरणार आणि त्यावर माझं नाव घालणार."

तिनं फोन काढला आणि तिथेच, रश्शाच्या भांड्याशेजारी, व्यापाऱ्याला लावला. "उद्या टँकर पाठवू नका. नाही, दराचा प्रश्न नाही. द्यायचीच नाहीये." फोन ठेवल्यावर तिला इतकं हलकं वाटलं, की आता काका काय म्हणतील याची पर्वाच उरली नाही.

मिरेयनं तिसरा मोजा ओढून काढला. चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली.

"लेऑन्स," ती म्हणाली.

त्रिस्ताँ हसता हसता खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. काकांनी बाटली हातात घेतली, चिठ्ठीवरचं स्वतःचं अक्षर पाहिलं. त्यांचे कान लाल झाले.

"मग दुसरी?" आर्मेलनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता मोजा खेचला. तिचं नाव. तिनं बाटली ग्लासावर उपडी धरली. एक थेंबही पडला नाही.

"बघ बाई," त्रिस्ताँ डोळे पुसत म्हणाला, "दुसऱ्याच्या वाइनसाठी भांडून फोन केलास. लाव परत, अजून वेळ आहे."

"केला तो केला," आर्मेल म्हणाली. "माझी वाइन कडक आहे असं समजूनच केला होता."

मग लेऑन्स काकांनी आपल्याच वाइनचा घोट मांसाबरोबर घेतला, तिनं सांगितला होता तसा.

"माझ्या वाइनची बाजू घेऊन आजवर कुणी भांडलं नव्हतं," ते म्हणाले. "माझ्याशी तर नाहीच. उद्या सातला मी येतो तुझ्याकडे. बाटल्या भरायला एकटीचे हात पुरायचे नाहीत."

आर्मेलला रडू आलं, आणि तिनं ते कुणापासून लपवलं नाही.